प्रबलन आणि स्वावलंबन

एखाद्या कृतीनंतर घडणाऱ्या ज्या परिणामामुळे ती कृती पुन्हा होण्याचा संभव वाढतो, त्या परिणामास मानसशास्त्रात 'प्रबलक' व त्या प्रक्रियेस 'प्रबलन' असे म्हणतात. या व्याख्येनुसार खाऊ किंवा शाबासकी ही स्वभावतःच प्रबलके ठरत नाहीत. ज्याच्या योगाने त्या विशिष्ट बालकाची कृती वाढीस लागते, तेच त्याचे प्रबलक होय. स्वमग्न बालकांच्या शिक्षणात हा भेद विशेष महत्त्वाचा आहे. एखाद्यास शाबासकीचे काहीच वाटत नाही. परंतु फिरते चाक पाहावयास मिळणे हे त्याला मोठे पारितोषिक वाटते.

या तत्त्वाच्या उपयोजनाचे एक प्रसिद्ध उदाहरण वुल्फ, रिस्ले व मीस या अमेरिकन संशोधकांनी 1964 मध्ये प्रसिद्ध केले. साडेतीन वर्षांच्या एका स्वमग्न मुलाच्या डोळ्यांतील भिंगे मोतीबिंदूमुळे काढावी लागली होती. तो चष्मा लावीना, आणि न लावल्यास दृष्टी कायमची गमावण्याचे भय होते. संशोधकांनी प्रथम काचांविना रिकाम्या चौकटी त्याच्यापुढे ठेवल्या. चौकट उचलणे, हाती धरणे, डोळ्यांजवळ नेणे, अशा एकेका पायरीस खाण्याच्या पदार्थांचे प्रबलन मिळत गेले. अखेरीस तो दिवसातून सुमारे 12 तास चष्मा वापरू लागला. तोपर्यंत घासाघासाला बक्षीस देण्याची गरजही सरली होती. जेवण, फिरावयास जाणे, बाहेर खेळणे हे नित्याचे प्रसंगच ती सवय टिकविण्यास पुरेसे ठरले.

या शेवटच्या टप्प्यातच स्वावलंबनाचे मर्म आहे. हात धुण्याचे कौशल्य शिकविताना शिक्षक प्रारंभी बालकाचा हात धरतो, मग कोपरास केवळ स्पर्श करतो, पुढे नुसता जवळ उभा राहतो व शेवटी दूर होतो. हे साहाय्य वेळीच कमी न केल्यास बालक नळाकडे न पाहता शिक्षकाच्या हाताकडे पाहू लागते. अशा वेळी त्याने हात धुणे न शिकता वाट पाहणे शिकलेले असते.

भाषेच्या बाबतीतही हेच घडते. स्किनर यांनी 1957 च्या आपल्या ग्रंथात मागणी करणारी उक्ती व वस्तूचा निर्देश करणारी उक्ती यांत भेद केला. चॉम्स्की यांनी 1959 मध्ये त्या ग्रंथाचे कठोर परीक्षण केले आणि व्याकरणाची उपपत्ती प्रबलनाने लागत नाही, असे प्रतिपादिले. तथापि अध्यापनात तो भेद उपयुक्त ठरला आहे. 'पाणी' हा शब्द चित्र पाहून उच्चारणारे बालक तहान लागल्यावर तो उच्चारीलच, असे नाही. शिवाय 'काय हवे?' असे प्रत्येक वेळी विचारल्यास तो प्रश्नच मागणीची पूर्वअट होऊन बसतो. बॉन्डी व फ्रॉस्ट यांनी 1985 मध्ये विकसित केलेल्या चित्रविनिमय पद्धतीत म्हणूनच आरंभी असा प्रश्न विचारीत नाहीत. एक शिक्षक समोर हवी ती वस्तू घेऊन बसतो. दुसरा मागून, मुकाट्याने, बालकाचा हात चित्राकडे नेतो व हळूहळू ते साहाय्य काढून घेतो. चित्र हाती पडताच वस्तू मिळते. मागणीचे प्रबलक मागितलेली वस्तूच असते.

सारांश, बालकाने किती वेळा आज्ञा पाळली, यावरून प्रबलनाचे यश मोजता येत नाही. शिकविणारा खोलीबाहेर गेल्यावर बालक स्वतःसाठी काय करू शकते व काय मागू शकते, हीच त्याची खरी कसोटी होय.