बंब, बॉयलर आणि बोटभर नळी

कोगनोळीच्या आमच्या घरी अजून तांब्याचा बंब आहे. पौषातल्या पहाटे मधल्या नळीत चार शेणी आणि थोड्या ढलप्या टाकल्या की घरादाराची आंघोळ होते. हुडहुडी भरते खरी, पण पाणी गोठलेले आम्ही या गावी कधी पाहिले नाही. त्यामुळे इंग्लंडात मुलाकडे हिवाळा काढताना एका पहाटे घर गारठले आणि भिंतीवरचा बॉयलर नुसता गुळगुळ आवाज करून बंद पडू लागला, तेव्हा आम्ही पुरते भांबावलो. घरात पाच महिन्यांची नात! गॅस होता, वीज होती. दोष निघाला तो बाहेरच्या भिंतीवरील एका बोटभर प्लास्टिकच्या नळीत.

ही नळी कशासाठी, ते बंबावरून चटकन उमगते. बंबाच्या धुराबरोबर बरीच उष्णता आणि वाफ वाया जाते. ‘कंडेन्सिंग’ बॉयलरात तो धूर इतका निववतात की वाफेचे पाणी होते आणि तिची उष्णता घराच्या कामी येते. इंधन वाचते, म्हणूनच १ एप्रिल २००५ पासून इंग्लंड-वेल्समध्ये नवा गॅस बॉयलर, थोडे अपवाद सोडता, याच जातीचा बसवावा लागतो. मागे उरलेले किंचित आम्लधर्मी पाणी या नळीने बाहेर जाते. कडाक्याच्या थंडीत ते नळीतच थिजते, मागचे पाणी तुंबते आणि बॉयलर आपणहून थांबतो. डिसेंबर २०१० हा ब्रिटनमधील १९१० पासूनच्या नोंदींतला सर्वांत थंड डिसेंबर; तेव्हा असे असंख्य बॉयलर ऐन गारठ्यात बंद पडले होते.

सुनेने झारीने गरम पाणी नळीच्या वाकणांवर आणि तोंडाशी ओतले, आमची शेकण्याची रबरी पिशवीही तिथे बांधली, मग रीसेटचे बटण दाबले. बॉयलर सुरू झाला. उकळते पाणी मात्र कदापि ओतू नये, नळी तडकते. खाली सांडलेल्या पाण्याचाही बर्फ होतो, तेव्हा पाय जपावा. नळी उंचावर असेल तर शिडी चढण्याचा हट्ट आमच्या वयाच्या मंडळींनी तरी करू नये!

खरा उपाय थंडीपूर्वीचा. नळी शक्यतो घरातल्याच सांडपाण्याच्या वाहिनीस जोडावी. बाहेर न्यावीच लागली, तर ती आखूड, उतरती, निदान ३२ मिलिमीटर व्यासाची आणि पाणी न शोषणाऱ्या वेष्टनात असावी. मुलाची नळी होती साडेएकवीस मिलिमीटरची, आणि उघडी. पुढच्या दिवाळीआधी त्याने ती जाणत्या कारागिराकडून बदलून घेतली.