पाटाच्या पाण्यावर वसलेले श्रीरामपूर

श्रीरामपूरचे तिकीट काढायचे तर रेल्वेच्या यादीत ‘बेलापूर’ शोधावे लागते. दौंड-मनमाड लोहमार्ग 1878 मध्ये सुरू झाला, तेव्हा या माळावर नाव देण्याजोगे शहर नव्हते. जवळचे जुने, नांदते गाव म्हणजे प्रवरेकाठचे बेलापूर. म्हणून स्टेशन बेलापूरचे, आणि स्टेशनाभोवती जी वस्ती झाली ती ‘बेलापूर रोड’. तिचे श्रीरामपूर पुढे झाले. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या संगमनेर-नेवाशासारख्या जुन्या गावांचा वारसा या शहराला नाही. त्याला रेल्वेने जागा दिली आणि कालव्याने माणसे दिली.

कालव्याची कथा मात्र इथून दूर, सह्याद्रीच्या कुशीत सुरू होते. 1876-77 चा दुष्काळ आणि शतकाच्या अखेरीचे दुष्काळ यांनी दख्खनचे कंबरडे मोडले होते. घाटमाथ्यावर धो धो कोसळणारा पाऊस अडवायचा आणि खालच्या कोरड्या पट्ट्याला द्यायचा, हा त्यावरचा सरकारी उपाय. भंडारदऱ्याच्या दगडी धरणाचे काम 1910 मध्ये सुरू झाले आणि डिसेंबर 1926 मध्ये गव्हर्नर लेस्ली विल्सन यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. धरणाला त्यांचे नाव मिळाले, जलाशयाला आर्थर हिल यांचे. इथले पाणी कालव्यात थेट सुटत नाही. ते प्रवरेच्या पात्रातून वाहत येते, संगमनेरच्या खाली ओझरच्या बंधाऱ्यावर अडते आणि तिथून डाव्या-उजव्या कालव्यांत वळते. डाव्या कालव्याने बेलापूर रोडचा माळ भिजवला.

कालवा बांधला होता दुष्काळात ज्वारी-बाजरी वाचवायला. पण पाऊस बरा झाला की ज्वारीवाला पाणी घेत नाही, आणि पाणी उचलले गेले नाही तर पाणीपट्टी येत नाही. धरणावर खर्च झालेला पैसा वसूल व्हायचा तर बारमाही पीक हवे होते, म्हणजे ऊस. या एका हिशेबाने पुढचे सगळे ठरले, असे मला वाटते. ऊस म्हणजे भांडवल, खत, मजूर, गुऱ्हाळ आणि बाजारपेठ. हे सगळे जिरायती शेतकऱ्याच्या घरात कुठून असणार? ते बाहेरून आले.

आधी आले सासवडचे माळी. नीरा डावा कालवा 1885 मध्ये सुरू झाला, तेव्हा त्याच्या काठाने हे बागायतदार बारामतीकडे सरकले होते. पुढे गोदावरी आणि प्रवरेचे कालवे निघाले, तसे ते कोपरगावला आले, बेलापूर रोडला आले. जमिनी खंडाने घ्यायच्या, पेंडीची खते घालायची, आडसाली ऊस काढायचा आणि गूळ करायचा, हे त्यांचे शास्त्र हाताला बसलेले होते. गुळापाठोपाठ अडते आले, मारवाडी-गुजराती दुकानदार आले, आणि दुष्काळी गावांतून हाताला काम शोधत मजूर आले.

मग आली कंपनी. 1920च्या आसपास ब्रॅडी या व्यापारी घराण्याच्या बेलापूर कंपनीने हरेगावला साखर कारखाना काढला. महाराष्ट्रातल्या पहिल्या साखर कारखान्यांपैकी हा एक. 1932 मध्ये सरकारने परदेशी साखरेवर संरक्षक जकात बसवली आणि कालव्यांच्या काठी कारखान्यांची रांग लागली. महादेव डहाणूकरांनी 1933 मध्ये टिळकनगरला महाराष्ट्र शुगर मिल्स उभी केली ती याच लाटेत. कारखान्याला स्वतःचा ऊस हवा, उसाला सलग जमीन हवी. ती इथल्या शेतकऱ्यांकडून दीर्घ मुदतीच्या करारांनी, किरकोळ खंडावर घेतली गेली. पाणी बांधावर आले आणि जमीन हातातून गेली. या जमीनमालकांचे नाव पडले ‘खंडकरी’.

1961 च्या कमाल जमीनधारणा कायद्याने कारखान्यांकडच्या या जमिनी सरकारजमा झाल्या. त्या कसायला 1963 मध्ये राज्य शेती महामंडळ निघाले. जमीन मूळ मालकाकडे परतली नाहीच. भांडवलदाराच्या ताब्यातून ती सरकारच्या ताब्यात गेली. अल्पभूधारक माणूस, ज्याची जमीन कमाल मर्यादेच्या जवळपासही नव्हती, तो जमीनदारीविरुद्धच्या कायद्यात भरडला गेला. खंडकऱ्यांनी मोर्चे काढले, कोर्टाच्या पायऱ्या झिजवल्या. कम्युनिस्ट नेते माधवराव गायकवाड यांनी हा लढा पिढीभर लावून धरला. जमिनीचे वाटप प्रत्यक्ष सुरू झाले ते 2012 नंतर. करारावर अंगठा उठवणाऱ्याच्या नातवाला, पणतूला सातबारा मिळाला. आपल्या पुरोगामी म्हणवणाऱ्या राज्यात या अन्यायाची चर्चा फार कमी झाली, आणि तो मला या शहराच्या इतिहासातला सगळ्यात महत्त्वाचा धडा वाटतो.

याच बेलापूर रोडला 1945 मध्ये दख्खनच्या कालव्यांवरील बागायतदारांची परिषद भरली. अध्यक्ष होते अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ. खासगी कारखाने डोळ्यांसमोर होते, त्यांचा नफा दिसत होता, आणि कारखाना शेतकऱ्यांचाच का नसावा, हा प्रश्न तिथे उघड मांडला गेला. विठ्ठलराव विखे पाटलांनी लोणीला सहकारी कारखाना उभा केला आणि 1950 च्या अखेरीस त्याचे गाळप सुरू झाले. सहकाराचे श्रेय लोणीला मिळते आणि ते योग्यच आहे. पण त्या विचाराला जमीन बेलापूर रोडने दिली, हे विसरले जाते.

कालव्याकाठचा माणूस कसा जगतो हे पाहायचे तर आवर्तनात रात्री शिवारात जावे. सात नंबरचा पाणीअर्ज भरलेला असतो, शेजपाळीत आपला नंबर कधी लागेल याची चौकशी पाटकऱ्याकडे दहादा झालेली असते, आणि पाळी येते ती नेमकी रात्री दोनला. चारीतून पाणी सारणीत शिरते. बॅटरी काखेत धरून शेतकरी फावड्याने एका वाफ्याचे दार बांधतो, दुसऱ्याचे फोडतो. हेच दारे धरणे. वरच्या बांधावर कोणी चोरून चारी फोडली की पाण्याची धार बारीक होते, आणि हे त्याच्या डोळ्यांआधी पायांना कळते. कालव्याच्या शेवटाला, टाकळीभानच्या टेल टँककडे, ही धार पोचेपर्यंत किती उरते यावर तिकडच्यांचे वर्ष ठरते. पाण्याच्या सुकाळात दुसरे दुखणेही आले: भरमसाट भिजवलेली काळी जमीन चोपण झाली, क्षार वर आले आणि बागायतीच्या पट्ट्यातच पांढरी, नापीक राने दिसू लागली.

शहराची लोकसंख्या 2001 मध्ये सुमारे 81 हजार होती, 2011 मध्ये 89 हजार. म्हणजे दहा वर्षांत दहा टक्के वाढ. राज्याची त्या दशकातली वाढ सोळा टक्के होती. माणसे खेचून घेणारे शहर मंदावले, त्याची कारणे शिवारातच सापडतात. हरेगावचा कारखाना बंद पडला. टिळकनगरची साखर थांबली, मद्यनिर्मिती उरली. इथे मुख्यालय असलेल्या मुळा-प्रवरा वीज सहकारी संस्थेकडून वीजवाटप 2011 मध्ये गेले. अशोकनगरचा सहकारी कारखाना आहे, बाजार समिती आहे, पण नव्या पिढीला पुणे जवळ वाटते. हरेगाव मात्र दर सप्टेंबरात भरते. मतमाउलीच्या, म्हणजे माता मेरीच्या, यात्रेला लांबलांबून माणसे येतात. कारखाना गेला तरी गावाची ओळख पुसली गेली नाही.

आणि पाणी? 2005 च्या जलसंपत्ती नियमन कायद्यानंतर समन्यायी वाटपाचे तत्त्व आले, आणि तुटीच्या वर्षी मुळा-प्रवरेच्या धरणांतून मराठवाड्यातल्या जायकवाडी धरणाला पाणी सोडावे लागते. इकडे त्याबद्दल राग आहे. तो समजण्यासारखा आहे, पण मराठवाड्याची तहानही तितकीच खरी आहे. भंडारदऱ्याखाली निळवंडे झाले, 2023 मध्ये त्याच्या डाव्या कालव्यात पाणी आले, आणि धरणांच्या अंगाखांद्यावर राहूनही कोरड्या राहिलेल्या अकोले-संगमनेरच्या गावांना त्यांचा वाटा मिळू लागला. एकट्या उसाने सगळे पाणी प्यावे असे दिवस आता परत येणार नाहीत, आणि येऊही नयेत.

पुढची जनगणना 2027 मध्ये आहे. ती डोकी मोजेल. कोण कुठून आले आणि कोणाची जमीन कशी गेली, हे तिच्या तक्त्यात येणार नाही. श्रीरामपूर तालुक्यात ज्यांच्या घरी खंडाचे करार, पाणीपट्टीच्या पावत्या, महामंडळाशी झालेला पत्रव्यवहार असेल, त्यांनी तो रद्दीत घालू नये. त्याच्या प्रती काढून जवळच्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयात द्याव्यात, आणि ज्या आजी-आजोबांना कंपनीचा काळ आठवतो त्यांचे बोलणे या उन्हाळ्यातच लिहून घ्यावे.