कापरेकरांचा आकडा आणि आपला पिन

चार आकडी कोणतीही संख्या घ्या, फक्त चारही आकडे सारखे नकोत. ३५२४ घेऊ. आकडे उतरत्या क्रमाने लावले की ५४३२, चढत्या क्रमाने २३४५. वजाबाकी ३०८७. तेच ३०८७ वर करा : ८७३० वजा ०३७८, आले ८३५२. आणखी एकदा, ८५३२ वजा २३५८, आले ६१७४. आता पुढे कितीही वेळा करा, ६१७४ च येणार. सुरुवात कुठूनही करा, फार तर सात पायऱ्यांत इथेच पोहोचाल. १९४९ साली हा शोध मांडणारे दत्तात्रय रामचंद्र कापरेकर १७ जानेवारी १९०५ रोजी आपल्या डहाणूत जन्मले. नोकरी केली ती देवळालीच्या शाळेत, शिक्षकाची.

आज डहाणूच्या किनाऱ्यावर चिकू विकणारीपासून तलासरीच्या बाजारात अंगठा लावून पैसे काढणाऱ्यापर्यंत सगळ्यांचा व्यवहार एन्क्रिप्शनवर, म्हणजे माहिती कूटबद्ध करण्यावर चालतो. त्याबद्दलचे दोन मोठे गैरसमज कापरेकरांच्या या वजाबाकीनेच दूर करता येतात.

गैरसमज : पद्धत गुपित ठेवली की माहिती सुरक्षित.

लहानपणी आपण ‘च’ची भाषा बोलायचो. ‘बाजार’चं ‘चाजारब’. मोठ्यांना कळत नाही, असं वाटायचं. पण एकदा युक्ती कळली की सगळंच कळलं. आता समजा, एखाद्याने ठरवलं की जन्मसालावर कापरेकरांची एक पायरी करायची आणि येईल तो पिन ठेवायचा. १९८४ चे ९८४१ वजा १४८९, म्हणजे ८३५२. दिसायला किती बेमालूम! पण चार आकडी पिन एकूण १०,००० असतात, आणि या एका पायरीतून शून्य सोडून निघणारी उत्तरं फक्त ५४ आहेत. पद्धत फुटली की चोराला दहा हजारांऐवजी चोपन्नच आकडे तपासायचे.

ऑगस्ट केर्कहॉफ्स यांनी १८८३ मध्येच लिहून ठेवलं होतं की पद्धत शत्रूच्या हाती पडली तरी चालेल अशी हवी. गुपित राहायची ती फक्त किल्ली. आज जगभर वापरली जाणारी एईएस पद्धत २००१ पासून प्रमाण आहे आणि ती कोणीही वाचू शकतो. जगभरच्या तज्ज्ञांनी ती वर्षानुवर्षं ठोकून पाहिली आहे, म्हणून तर तिच्यावर विश्वास. तिच्या आधीच्या डीईएसची किल्ली ५६ बिटांची होती. १९९८ मध्ये खास बांधलेल्या यंत्राने ती तीन दिवसांच्या आत शोधून काढली. एईएसच्या २५६ बिटांच्या किल्लीसाठी जेवढ्या शक्यता तपासाव्या लागतील ती संख्या ७८ आकडी आहे. ‘आमची पद्धत इतकी गुप्त की कोणालाच माहीत नाही’ असं एखादं अ‍ॅप सांगत असेल, तर मी ते फोनमध्ये घेणार नाही.

गैरसमज : माझा पासवर्ड त्यांच्याकडे लिहिलेला असतो, विसरलो तर सांगतील.

वरची दोन उदाहरणं पुन्हा पाहा. ३०८७ वरूनही ८३५२ आले आणि १९८४ वरूनही. नुसतं ८३५२ हातात दिलं तर मूळ संख्या कोणती होती हे खुद्द कापरेकरांनाही सांगता आलं नसतं. एन्क्रिप्शन किल्लीने उलटवता येतं. ही वजाबाकी उलटतच नाही. अशा एकमार्गी क्रियेला हॅश म्हणतात. (खऱ्या हॅशमध्ये दोन गोष्टींचं उत्तर सारखं येणं जवळपास अशक्य असावं लागतं, तो भाग वेगळा.) नीट चालवलेली सेवा तुमचा पासवर्ड ठेवत नाही, त्याचा हॅश ठेवते. म्हणून ती ‘नवीन पासवर्ड बनवा’ म्हणते. जुनाच पासवर्ड कोणी मेसेजने पाठवून दिला, तर तिथे तुमचा पासवर्ड जसाच्या तसा पडून आहे, हे ओळखा.

आता अंगठा. तलासरीच्या बाजारात एका दुकानाबाहेर रांगेत उभा होतो. पुढच्या मावशींचा अंगठा तीनदा लागला नाही. शेतात, वीटभट्टीवर राबलेल्या बोटांच्या रेषा झिजतात. चौथ्यांदा पदराने बोट पुसत त्यांनी विचारलं, “दादा, माझा अंगठा या डब्यातच राहतो का?”

नाही, मावशी. यंत्र अंगठ्याची माहिती जागच्या जागी एईएसच्या ताज्या किल्लीने कूटबद्ध करतं, आणि ती किल्ली आधार प्राधिकरणाच्या उघड किल्लीने बंद करतं. टपालपेटीसारखं आहे हे : पत्र कोणीही टाकावं, पेटी उघडायची ती ज्याच्याकडे चावी आहे त्यानेच. दुकानदारालाही आतलं दिसत नाही. तिकडून अंगठा जुळला की नाही, एवढंच उत्तर येतं.

पण मावशींची शंका अगदीच वावगी नव्हती. देशात फसवणूक झाली आहे ती हे कूट फोडून नव्हे, तर जमिनीच्या दस्तांवरचे ठसे उचलून सिलिकॉनचे अंगठे बनवून, किंवा ‘लागला नाही, परत लावा’ म्हणत दोनदा पैसे काढून. त्याला गणित काय करणार? आधारचं बायोमेट्रिक लॉक लावून ठेवता येतं आणि पैसे काढायच्या वेळी थोडा वेळ उघडता येतं. त्यासाठी मोबाइल नंबर आधारला जोडलेला हवा. आणि दर वेळी छापील पावती मागायची. अंगठा लागला नाही म्हणाले, तरीही.

बाकीचे गैरसमज थोडक्यात सांगतो. व्हॉट्सअ‍ॅपचे मेसेज २०१६ पासून या टोकापासून त्या टोकापर्यंत कूटबद्ध असतात, कंपनीला वाचता येत नाहीत. पण बॅकअपचं एन्क्रिप्शन आपण स्वतः चालू करावं लागतं, आणि उघडा फोन दुसऱ्याच्या हाती गेला तर सगळंच उघडं. ब्राउझरमधलं कुलूप म्हणजे वाटेत कोणी वाचत नाही, एवढंच; समोरचा खरा आहे असं नव्हे. भामट्याच्या साइटलाही ते मिळतं, आणि लोक त्यावर भलता भरवसा ठेवतात म्हणून क्रोमने २०२३ मध्ये ते चिन्ह काढून टाकलं. क्यूआर कोडमध्ये तर गुप्त काहीच नसतं, दुकानाच्या पाटीसारखा तो कोणालाही वाचता येतो. आपल्या खात्यात पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. पैसे देतो म्हणत कोणी पिन मागितला, म्हणजे पैसे तुमच्या खात्यातून जाणार आहेत.

आणि गेलेच, तर लाजून गप्प बसू नका, उद्यावर टाकू नका. त्याच घडीला सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकाला, १९३० ला, फोन लावा.