नरक्याचं बियाणं कुठलं आणावं?

नरक्या हे सह्याद्रीतलं उग्र वासाचं लहानसं झाड. त्यातल्या कॅम्प्टोथेसिनपासून कर्करोगावरची औषधं होतात, आणि त्यापायी कोकण-घाटमाथ्यावर त्याची बेसुमार तोड झाली.

बेंगळुरूची एट्री ही संस्था आणि तिथलं कृषी विज्ञान विद्यापीठ यांनी या झाडावर बरंच काम केलं आहे. ठिकठिकाणच्या झाडांतला जनुकीय फरक शोधणाऱ्या अभ्यासात कोवळी पानं सिलिका जेलमध्ये वाळवतात, त्यांतून डीएनए काढतात आणि कोणते तुकडे जुळतात ते पाहतात. परागकण कीटकांमार्फत जातात, बिया पक्षी नेतात. मधे कोरडी, उष्ण दरी आली की दोन्ही अडतात. मग दोन बाजूंची झाडं पिढ्यान्‌पिढ्या वेगळी होत जातात. केरळातली सुमारे 30 किलोमीटर रुंदीची पालघाट खिंड हा असा मोठा अडसर. हत्तींतही त्याचा परिणाम दिसतो. वाऱ्यावर पराग सोडणाऱ्या गवताला मात्र त्याचं फारसं काही वाटू नये.

खरी मेख पुढे आहे. फरक नुसत्या अंतरामुळे पडला, की पाऊस-उंचीमुळे? जवळचे पण भिन्न हवामानाचे डोंगर तपासले तरच ते उमगतं. लागवडीला रोपं वाटणाऱ्यांनी हे आधी विचारायला हवं. सरसकट एकाच रोपवाटिकेतली रोपं सगळीकडे लावणं मला तरी पटत नाही. शिवाय कॅम्प्टोथेसिनचं प्रमाणही झाडागणिक बदलतं.