फॉरमॅट मारण्यापूर्वी

घरचा संगणक : भाग ७

संगणकावर तसं काहीच काम चालू नाही. फार तर बातम्यांचं एखादं पान उघडं आहे. तरी पंखा घरघरतोय, लॅपटॉपच्या तळाला हात लाववत नाही आणि टाइप केलेलं अक्षर पडद्यावर उमटायला उशीर लागतोय. विंडोजचा टास्क मॅनेजर उघडून बघावं तर प्रोसेसरचा आकडा नव्वदीत. दुरुस्तीच्या दुकानात नेला की दोन मिनिटांत निकाल लागतो : "व्हायरस दिसतोय. फॉरमॅट मारून देतो, संध्याकाळी घेऊन जा."

आजच्या भागात मला या निकालाविरुद्धच बोलायचं आहे. प्रोसेसर आपणहून कधी राबत नाही. कोणत्या तरी प्रोग्रॅमने, ड्रायव्हरने किंवा जोडलेल्या उपकरणाने त्याला काम लावलेलं असतं, आणि काम लावणाऱ्याचं नाव बहुतेक वेळा सापडतं. फॉरमॅट मारला की ते नाव पुसलं जातं. दोष उपकरणात असेल तर तो जागच्या जागी राहतो. फोटो, हिशेब, मुलांचे प्रकल्प मात्र जातात.

तेव्हा आधी नाव काढू. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबली की टास्क मॅनेजर उघडतो. 'सीपीयू' या रकान्याच्या डोक्यावर क्लिक केलं की सर्वात जास्त खाणारा प्रोग्रॅम वर येतो. यादी सारखी वरखाली होत असते, नाव वाचेपर्यंत ओळ पळालेली असते. अशा वेळी कंट्रोलचं बटण दाबून धरायचं. यादी थांबते आणि सोडलं की पुन्हा चालू होते. 'डिटेल्स' या विभागात गेलात तर 'सिस्टिम आयडल प्रोसेस' नावाची एक ओळ ९५ किंवा ९८ दाखवताना दिसेल. ती बघून अनेक जण हादरतात. तो प्रोसेसरच्या रिकामपणाचा आकडा आहे. तिथे ९८ असेल तर तुमचा प्रोसेसर जवळजवळ मोकळा बसलाय.

आकडा वाचतानाही एक गोष्ट लक्षात हवी. विंडोज जे टक्के दाखवतं ते प्रोसेसरच्या सगळ्या गाभ्यांचे (कोअर्सचे) मिळून असतात. चार शेगड्यांच्या स्वयंपाकघरात एका शेगडीवरचं दूध उतू जात असेल, तरी हिशेबाने स्वयंपाकघर पंचवीसच टक्के व्यापलेलं असतं. तसंच इथे होतं. विंडोजला चार प्रोसेसर दिसत असतील आणि एखादा प्रोग्रॅम एकाच फेऱ्यात अडकून गरगरत असेल, तर त्याच्यापुढे २५ हा आकडा येतो. आठ दिसत असतील तर १२ किंवा १३. हा आकडा छोटा वाटतो म्हणून आपण त्याच्याकडे दुर्लक्ष करतो, पण त्याची खूण वेगळी आहे : तो हलत नाही. खरं काम करणाऱ्या प्रोग्रॅमचा आकडा चढतो, उतरतो, शून्यावर येतो. अडकलेल्याचा आकडा दहा मिनिटांनी बघा, अर्ध्या तासाने बघा, तिथेच चिकटलेला असतो. अशा प्रोग्रॅमला खुशाल 'एंड टास्क' द्या. तुमच्या मॅकवर हिशेब वेगळा आहे. तिथे ॲक्टिव्हिटी मॉनिटर प्रत्येक गाभ्याचे शंभर धरतो, त्यामुळे ३०० टक्के दिसले तरी दचकायचं कारण नाही.

नाव सापडलं की अर्ध्याहून अधिक प्रश्न तिथेच मिटतात. ब्राउझर वर असेल तर क्रोममध्ये शिफ्ट आणि एस्केप दाबा, कोणता टॅब किंवा कोणतं एक्स्टेन्शन खातंय ते त्याच्या स्वतःच्या यादीत दिसतं. प्रिंट स्पूलर वर असेल तर प्रिंटरच्या रांगेत एखादी अर्धवट छापलेली फाइल अडकली असणार. ती रद्द करा. 'अँटिमालवेअर सर्व्हिस एक्झिक्युटेबल' हे विंडोजचंच डिफेंडर आहे. ते तपासणी करत असताना प्रोसेसर सरासरी पन्नास टक्क्यांपर्यंत वापरायची मुभा त्याला मुळातच दिलेली असते. 'सर्च इंडेक्सर' फाइलींची सूची बनवत असतो. लॅपटॉप नवा असेल, मोठं अपडेट नुकतंच झालं असेल, किंवा हजारो फोटो एकदम टाकले असतील, तर ही दोघं काही तास राबणारच. चार्जर लावून त्यांना त्यांचं काम पुरं करू द्या. मध्येच बंद केलंत तर पुढच्या वेळी उरलेलं काम पुन्हा काढून बसतील.

खरी पंचाईत होते ती 'सर्व्हिस होस्ट' या नावाने. एस, व्ही, सी ही अक्षरं आणि पुढे 'होस्ट' असं त्याच्या फाइलीचं नाव. हा स्वतः काहीच करत नाही. विंडोजच्या पडद्यामागच्या सेवा त्याच्या आत बसून चालतात. पूर्वी एकाच होस्टमध्ये अनेक सेवा कोंबलेल्या असत आणि दोष नेमका कोणाचा ते कळत नसे. २०१७ च्या विंडोज १० अपडेटपासून, साडेतीन जीबीपेक्षा जास्त मेमरी असलेल्या संगणकावर बहुतेक सेवांना स्वतंत्र होस्ट मिळाला. म्हणून यादीत हे नाव पन्नास-साठ वेळा दिसतं. तो व्हायरस नाही. ओळीच्या डावीकडचा बाण दाबला की आत कोणती सेवा आहे ते उघड होतं.

या नावामागची एक खरी हकीकत सांगायलाच हवी. २०१३ मध्ये जगभरच्या विंडोज एक्सपी संगणकांवर सर्व्हिस होस्ट प्रोसेसर पूर्ण व्यापून बसू लागला. लोकांनी अँटिव्हायरस बदलले, मेमरी वाढवली, फॉरमॅट मारले. दोष होता विंडोज अपडेटच्या हिशेबात. इंटरनेट एक्सप्लोररचं प्रत्येक नवं सुरक्षा अपडेट आधीच्या अपडेटची जागा घ्यायचं, आणि कोणी कोणाची जागा घेतली हे तपासायची पद्धत अशी होती की साखळीत एक कडी वाढली की वेळ जवळपास दुप्पट व्हायचा. वर्षानुवर्षांच्या कड्या साचल्या आणि काही सेकंदांचं काम तासांवर गेलं. २०१४ च्या जानेवारीत मायक्रोसॉफ्टने आपल्या बाजूने जुन्या कड्या काढून टाकल्या आणि घराघरांतले संगणक, कोणी हातही न लावता, पुन्हा चालू लागले. २०१५-१६ मध्ये विंडोज ७ वर थोड्याफार फरकाने हेच पुन्हा घडलं. दोन्ही वेळा नव्याने विंडोज टाकलेल्या संगणकांचे हाल जास्त झाले, कारण त्यांना सगळी अपडेट्स पहिल्यापासून तपासावी लागत होती. फॉरमॅटने दुखणं वाढवलं, याहून स्पष्ट उदाहरण मला माहीत नाही.

सर्व्हिस होस्ट खरा की तोतया, हे ओळखणं मात्र जमलं पाहिजे. ओळीवर राइट क्लिक करून 'ओपन फाइल लोकेशन' निवडा. खरा असेल तर विंडोज फोल्डरमधलं सिस्टिम३२ उघडेल, क्वचित सिसवाऊ६४. डाउनलोड्स, टेम्प किंवा ॲपडेटा उघडलं, किंवा नावात एखादं अक्षर मागेपुढे झालेलं दिसलं, तर तो चोर आहे. मन आणखी घट्ट करायचं असेल तर प्रोसेस एक्सप्लोरर वापरा. मार्क रुसिनोविच आणि ब्राइस कॉग्सवेल यांनी सिसइंटर्नल्स या नावाखाली बनवलेल्या मोफत साधनांपैकी हे एक. २००६ मध्ये मायक्रोसॉफ्टने सिसइंटर्नल्स विकत घेतलं आणि साधनं मोफतच ठेवली. चालू असलेला प्रत्येक प्रोग्रॅम व्हायरसटोटलच्या यादीशी ताडून किती अँटिव्हायरस त्याला वाईट म्हणतात ते हे साधन ओळीपुढेच दाखवू शकतं. घरच्या संगणकावर बाकी काही ठेवा न ठेवा, हे ठेवाच.

आता एक ओळ अशी, जिच्यामागे फाइलच नसते. आमच्या शेजारच्या काकूंचा लॅपटॉप महिनाभर कुथत होता. दुकानवाल्याने फॉरमॅट सांगितला तेव्हा त्या माझ्याकडे आल्या. "अरे, सोसायटीच्या चार वर्षांच्या पावत्या आहेत त्यात. त्या गेल्या तर सभेत मी काय तोंड दाखवू?" मी म्हटलं, "काकू, आधी बघू तरी कोण खातंय." यादीत सर्वात वर होतं 'सिस्टिम इंटरप्ट्स', वीस टक्क्यांच्या आसपास. हा प्रोग्रॅम नव्हेच. कीबोर्ड, माउस, वाय-फाय कार्ड अशी उपकरणं "माझ्याकडे बघ" म्हणून प्रोसेसरला जी हाक मारतात, त्या हाकांचा तो हिशेब. निरोगी संगणकावर तो एक टक्क्याच्या आतबाहेर असतो. टास्क मॅनेजर उघडा ठेवून आम्ही एकेक वायर काढत गेलो. प्रिंटर काढला, आकडा तसाच. पेन ड्राइव्ह काढला, तसाच. मग कीबोर्ड ज्यात खोचला होता तो चार तोंडांचा यूएसबी हब काढला. काकूंनी पडद्याला बोट लावून वाचलं, "शून्य पॉइंट तीन." हब परत लावला, आकडा चढला. काढला, उतरला. कीबोर्ड थेट लॅपटॉपला जोडला आणि काम संपलं. त्यांचा लॅपटॉप शंभरदा फॉरमॅट करून त्याच हबला जोडला असता तर शंभरदा तो तसाच चालला असता.

बाहेरचं सगळं काढूनही हा आकडा उतरला नाही, तर ड्रायव्हरवर संशय घ्यायचा, त्यातही वाय-फायच्या आणि आवाजाच्या. ते लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावरूनच घ्या. 'ड्रायव्हर अपडेटर' म्हणून जे फुकट प्रोग्रॅम मिरवतात, त्यांच्या वाटेला जाऊ नका.

आणि चोर खरोखरच असेल तर? आजचा घरगुती चोर बहुधा तुमच्या प्रोसेसरवर आभासी चलन खणतो. त्यातलं मोनेरो हे चलन साध्या प्रोसेसरवरही खणता यावं अशा बेताने बनवलं आहे, म्हणून चोरांचा ओढा तिकडे. २०१७ च्या सप्टेंबरमध्ये आलेल्या कॉइनहाइव्ह या साधनाने हे थेट वेबपानातून करून दाखवलं. २०१९ च्या मार्चमध्ये ते बंद पडलं, पण रीत रुळली. २०२१ च्या जूनमध्ये अवास्ट या अँटिव्हायरस कंपनीने क्रॅकोनॉश नावाचा प्रकार उघडकीला आणला. फुकट मिळणाऱ्या 'क्रॅक' केलेल्या गेम्समधून तो सव्वादोन लाखांच्या आसपास संगणकांत शिरला होता. शिरल्यावर पहिलं काम काय, तर डिफेंडर आणि विंडोज अपडेट बंद पाडणं. आपल्याकडे क्रॅक केलेला गेम किंवा फुकट 'ॲक्टिव्हेटर' घरातल्या मुलाने टाकणं ही रोजची गोष्ट आहे. मुलाला रागावू नका, पण कुठून काय उतरवलं ते नीट विचारा. तपासाचा धागा तिथेच मिळतो.

असे अनेक चोर टास्क मॅनेजर उघडताच गप्प होतात. पंखा शांत होतो, टास्क मॅनेजर बंद केला की पुन्हा सुरू. इथे घाईने निष्कर्ष काढू नका, कारण विंडोजची स्वतःची देखभालही माउस हलला की थांबते. दोघांत फरक करायची माझी पद्धत साधी आहे. टास्क मॅनेजर उघडा ठेवायचा आणि पंधरा-वीस मिनिटं संगणकाला स्पर्शही करायचा नाही. देखभालीचं काम असेल तर तुम्ही नाही असं बघून ते पुन्हा सुरू होतं आणि यादीत नावानिशी दिसतं. चोर असेल तर टास्क मॅनेजर उघडा आहे तोवर सगळं सामसूम, आणि बंद केल्यावर थोड्या वेळात पंख्याची घरघर. असं दिसलं तर डिफेंडरचं ऑफलाइन स्कॅन चालवा. ते विंडोज सुरू होण्याआधी तपासतं, त्यामुळे चोराला लपायला वेळ मिळत नाही. केंद्र सरकारच्या सायबर स्वच्छता केंद्राचीही मोफत साधनं आहेत. चोर डिफेंडर किंवा अपडेट चालूच होऊ देत नसेल, तर मात्र कागदपत्रं बाहेर काढून फॉरमॅट करणं रास्त आहे. तो गेम किंवा ॲक्टिव्हेटर परत टाकायचा नाही, एवढं पाळा.

उष्णतेचं थोडक्यात. टास्क मॅनेजरच्या 'परफॉर्मन्स' विभागात 'बेस स्पीड' आणि चालू 'स्पीड' दोन्ही दिसतात. काम चालू असतानाही स्पीड बेसच्या बराच खाली अडकला असेल, तर प्रोसेसर स्वतःला जपण्यासाठी हळू झालेला असतो. पंख्यातली धूळ, वाळलेली थर्मल पेस्ट, गादीवर ठेवलेला लॅपटॉप, किंवा काही लॅपटॉपना न ओळखता येणारा दुसऱ्याच कंपनीचा चार्जर, ही नेहमीची कारणं. मॅकवर 'कर्नल टास्क' फुगलेला दिसतो तोही बहुधा याचसाठी. प्रोसेसर तापू नये म्हणून तो बाकीच्यांना जागा कमी देतो.

पुढच्या आठवड्यात डिस्कचा आकडा शंभरावर का अडकतो ते बघू. तोवर एक विनंती. संगणक दुकानात नेण्यापूर्वी सीपीयूच्या रकान्याने लावलेल्या यादीचा मोबाइलवर फोटो काढा, वेळेसकट. दुकानदाराला तो दाखवा आणि विचारा : यातला नेमका कोण? ज्याला नाव सांगता येत नाही, त्याला फॉरमॅट मारायची परवानगी देऊ नका.