साहेब संध्याकाळी घरी जातात

कोकण रेल्वेचं बांधकाम चालू होतं तेव्हा तिच्या ऑफिसांत एक वेगळंच घड्याळ असे. ते वाजले किती हे सांगत नसे, दिवस उरले किती हे सांगत असे. रोज एक आकडा कमी. गाडी सुरू करायची तारीख कारकुनापासून चीफ इंजिनिअरपर्यंत सगळ्यांच्या डोळ्यांसमोर राहावी, एवढाच त्याचा उद्देश. पुढे हेच उलटं घड्याळ दिल्ली मेट्रोत गेलं आणि दोन्ही कामांचे प्रमुख, इंजिनिअर ई. श्रीधरन यांच्या नावाशी कायमचं जोडलं गेलं. आज व्यवस्थापनाच्या कुठल्याही शिबिरात ‘डेडलाइन’चा विषय निघाला की हे घड्याळ हमखास बाहेर येतं.

शिबिरात सहसा सांगत नाहीत ती गोष्ट अशी, की कोकण रेल्वेत ते घड्याळ हरलं. पाच वर्षांत, म्हणजे १९९५ च्या सुमारास पुरा व्हायचा मार्ग २६ जानेवारी १९९८ ला पूर्ण खुला झाला. खर्चही मूळ अंदाजाच्या दुपटीपलीकडे गेला. तरीही श्रीधरन यांच्याकडून शिकण्यासारखं आहे, आणि ते घड्याळापेक्षा कितीतरी कामाचं आहे. कामाच्या रगाड्यात सापडलेल्या माणसाला वाटतं, आपल्याकडे वेळ नाही. श्रीधरन यांची कारकीर्द वेगळंच सुचवते: वेळ असतो, पण तो न घेतलेल्या निर्णयांखाली दबलेला असतो.

कोकण रेल्वेचा जन्मच पाहा. कोकणात रेल्वे यावी म्हणून अ. ब. वालावलकर, बॅरिस्टर नाथ पै, मधू दंडवते यांच्यासारख्या माणसांनी वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. सर्वेक्षणं झाली, कागद हलले, पुन्हा थांबले. डिसेंबर १९८९ मध्ये विश्वनाथ प्रताप सिंह यांचं सरकार आलं. त्यात दंडवते अर्थमंत्री आणि मूळचे मंगळूरचे जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री होते. असा योग पुन्हा जुळणार नाही हे दोघांनाही कळत होतं. रेल्वेच्या नेहमीच्या अंदाजपत्रकात पैसे मिळायची वाट बघण्याऐवजी स्वतंत्र महामंडळ काढायचं ठरलं. त्यात रेल्वेचा वाटा ५१ टक्के, महाराष्ट्राचा २२, कर्नाटकाचा १५, गोवा आणि केरळ यांचा प्रत्येकी ६. बाकीचा पैसा मुख्यतः रोख्यांतून उभा करायचा. जुलै १९९० मध्ये महामंडळ स्थापन झालं, सप्टेंबरात रोह्याला पायाभरणी झाली आणि नोव्हेंबरात सरकार पडलं! फाइल आणखी चार महिने फिरत राहिली असती, तर कदाचित आजही कोकणात रेल्वेसाठी निवेदनंच दिली जात असती.

रेल्वे बोर्डावरून नुकतेच निवृत्त झालेले श्रीधरन या महामंडळाचे पहिले प्रमुख झाले. वय ५८. समोर रोह्यापासून मंगळूरजवळच्या ठोकूरपर्यंत सुमारे ७४० किलोमीटरचा डोंगर-खाडीचा मुलूख, ९० हून अधिक बोगदे आणि लहानमोठे मिळून सुमारे २००० पूल. इतक्या मोठ्या कामाचा प्रमुख सगळ्या दोऱ्या स्वतःच्या हातात ठेवील, असं कुणालाही वाटेल. त्यांनी नेमकं उलट केलं. महाड, रत्नागिरी उत्तर, रत्नागिरी दक्षिण, कुडाळ, गोवा, कारवार आणि उडुपी असे सात भाग पाडले. प्रत्येक भाग साधारण १०० किलोमीटरचा, आणि त्याचा कारभार एका चीफ इंजिनिअरकडे. जागेवरचे प्रश्न जागेवरच सुटावेत, बेलापूरच्या मुख्यालयात येऊन पडू नयेत, ही त्यामागची मांडणी.

सरकारी कचेरीत ज्यांनी दिवस काढलेत त्यांना ही केवढी मोठी गोष्ट होती ते सांगायला नको. फाइलवर ‘चर्चा करावी’ असा शेरा मारला की साहेब मोकळे. चर्चा कधी, कुणी आणि कशासाठी करायची, हे कुणीच विचारत नाही. खासगी कंपन्यांत शेरा नसतो, तर ‘एक कॉल लावूया’ असतं, इतकाच काय तो फरक. आठ जण तासभर बोलतात आणि शेवटी पुढचा कॉल ठरतो. दिवसभरात माणूस दमतो खरा, पण त्याच्या टेबलावरचा एकही प्रश्न त्या दिवशी कमी झालेला नसतो.

भूसंपादनाचा प्रश्न तर कोकणात सगळ्यात नाजूक. ४० हजारांहून अधिक खातेदार, गुंठ्यागुंठ्यांचे तुकडे, सातबारावर आजोबा, पणजोबा आणि मुंबईला गेलेल्या चुलत्यांची नावं. कायद्याची नोटीस पाठवून वाट बघण्यापेक्षा महामंडळाची माणसं गावोगाव गेली, घरच्यांशी बोलली, मोबदल्याचं समजावून सांगितलं. महाराष्ट्रात हे बऱ्यापैकी जमलं. गोव्यात जमलं नाही. किनारपट्टीतल्या खाजणांच्या आणि जुन्या गावांच्या जवळून जाणारा मार्ग आत डोंगराकडे सरकवावा, या मागणीसाठी तिथे मोठं आंदोलन झालं. काम थांबलं, चौकशी झाली आणि मग थोडेफार बदल करून ते पुढे सरकलं. लोकांच्या मनातली शंका वेळापत्रकाच्या रकान्यात बसत नाही, हे गोव्याने दाखवून दिलं. कंपनीत नवी पद्धत लादणाऱ्या अनेक उत्साही मॅनेजरांनाही हाच अनुभव येतो, फक्त त्याची बातमी होत नाही.

श्रीधरन यांची ही कार्यपद्धती कुठून आली हे पाहायचं तर २६ वर्षं मागे, तमिळनाडूच्या टोकाला जावं लागतं.

डिसेंबर १९६४ मधल्या चक्रीवादळाने धनुष्कोडी उद्ध्वस्त केलं. प्रवाशांनी भरलेली गाडी समुद्रात गेली. रामेश्वरला मुख्य भूमीशी जोडणारा १९१४ सालचा, दोन किलोमीटरहून लांब पांबन पूल मोडून पडला. मधला, जहाजांसाठी उघडणारा भाग तेवढा टिकला, पण बहुतेक गर्डर लाटांनी वाहून नेले. रेल्वेने दुरुस्तीला सहा महिन्यांची मुदत ठरवली. वरिष्ठांनी ती तीन महिन्यांवर आणली आणि काम ३२ वर्षांच्या श्रीधरन यांच्यावर सोपवलं. हिशेब सरळ होता: नवे गर्डर बनवायचे, आणायचे, बसवायचे. त्या काळात एवढं पोलाद मिळवण्यातच महिने गेले असते.

मार्ग निघाला तो मच्छीमारांकडून. वाहून गेलेले गर्डर समुद्राच्या तळाशी पडले आहेत, ही खबर त्यांच्याकडून मिळाली. मग नवे बनवण्याचा बेत बाजूला ठेवून जुनेच गर्डर वर काढायचे आणि परत चढवायचे ठरलं. पहिला गर्डर उचलून जागेवर बसवायला वेळ लागला. हात बसला तसा वेग वाढत गेला. ४६ दिवसांत पूल पुन्हा उभा राहिला. रेल्वेमंत्र्यांकडून श्रीधरन यांना १००० रुपयांचं बक्षीस मिळालं.

‘४६ दिवस’ हा आकडा सगळे लक्षात ठेवतात. त्याहून लक्षात ठेवायला हवा तो निर्णय बदलण्याचा क्षण. ठरलेली योजना हातात आहे, वरिष्ठांना ती मान्य आहे, आणि इंजिनिअरिंगचं एकही पुस्तक न वाचलेला माणूस भलतीच माहिती सांगतो आहे. अशा वेळी पद आडवं येतं. हाताखालचा माणूस, शिपाई, दारावरचा विक्रेता किंवा ग्राहक काहीतरी सांगू पाहतो आणि साहेब घड्याळाकडे बघतात. घाईत असलेल्या माणसाकडून सगळ्यात आधी ऐकणंच सुटतं.

पुन्हा कोकण रेल्वेकडे येऊ. तिथे पेडण्याच्या बोगद्याने मात्र सगळ्यांची परीक्षा पाहिली. सह्याद्रीचा कातळ फोडायला स्वीडनहून आणलेली यंत्रं होती आणि काळ्या पाषाणात ती झपाझप चालत. पण गोव्याच्या उत्तर टोकाला, पेडण्यात, कातळच नव्हता. पाण्याने भिजलेली मऊ माती होती. खणावं तितकी ती वरून कोसळायची, कित्येकदा झालेलं काम गाडलं जायचं. यंत्राचा उपयोग नाही, माणसांनी हाताने, हळूहळू, आधार देत पुढे जायचं. जेमतेम दीड किलोमीटरच्या या बोगद्याला सुमारे सहा वर्षं लागली आणि कोकण रेल्वेच्या उलट्या घड्याळाला त्यानेच सर्वाधिक धाब्यावर बसवलं. सबंध मार्गाच्या बांधकामात ७० हून अधिक माणसं मृत्युमुखी पडली. रत्नागिरीत त्यांचं श्रमशक्ती स्मारक आहे. ‘लीडरशिप’वरच्या भाषणांत या स्मारकाचा उल्लेख येत नाही, तो यायला हवा.

श्रीधरन स्वतः १९९७ च्या अखेरीस दिल्ली मेट्रोला गेले. पेडण्याचं काम त्यानंतर पुरं झालं. प्रमुख निघून गेल्यावरही गाडं अडलं नाही, याचं श्रेय त्या सात भागांच्या मांडणीला जातं.

दिल्लीला ते कोरी पाटी घेऊन गेले नव्हते. १९७० च्या दशकात देशातल्या पहिल्या, कोलकाता मेट्रोच्या आखणीत त्यांनी काम केलं होतं. तिची पायाभरणी १९७२ मध्ये झाली, पहिला टप्पा धावला १९८४ मध्ये आणि जेमतेम १६-१७ किलोमीटरचा तो मार्ग पूर्ण व्हायला १९९५ उजाडलं. काम कसं रखडतं, याचं शिक्षण तिथे झालं. दिल्लीत १९९८ ला सुरू झालेला पहिला, सुमारे ६५ किलोमीटरचा टप्पा २००५ मध्ये मुदतीच्या आधी संपला. माणूस यशातून शिकतो त्याहून जास्त रखडलेल्या कामातून शिकतो. मात्र ते काम का रखडलं, हे त्याने नीट टिपून ठेवलेलं असावं लागतं.

आता त्यांच्या दिनक्रमाकडे वळू. पहाटे उठणं, योग, भगवद्गीतेचं वाचन, वेळेवर ऑफिसात येणं आणि संध्याकाळी वेळेवर घरी जाणं. रात्री उशिरापर्यंत बसण्याचं त्यांना कौतुक नव्हतं. देशाच्या राजधानीत जमिनीखालून रेल्वे नेणारा माणूस संध्याकाळी घरी जाऊ शकत होता, आणि हिंजवडीतला किंवा वांद्रे-कुर्ला संकुलातला टीम लीडर रात्री साडेनऊला ‘अजून बसलोय’ असं घरी कळवतो. दोघांच्या कामाचा आकार वेगळा आहे हे खरं, पण तो टीम लीडरच्या बाजूने वेगळा आहे! त्याचे उशिराचे तास तपासले तर त्यात बहुधा दुसऱ्याच्या कामावर पुन्हा हात फिरवणं, वरून होकार यायची वाट बघणं आणि ‘मला विचारल्याशिवाय पाठवू नका’ असं स्वतःच सांगून ठेवलेल्या मेलचा ढीग उपसणं हेच निघतं. अशा माणसाला टाइम मॅनेजमेंटचं नवं ॲप देऊन काहीही साधत नाही.

अधिकार वाटून दिले की जबाबदारीही वाटली गेली, असं अनेकांना वाटतं. १२ जुलै २००९ च्या पहाटे दक्षिण दिल्लीत जमरुदपूरला मेट्रोच्या उन्नत मार्गाचा बांधकाम चालू असलेला भाग कोसळला आणि सहा जण ठार झाले. चूक डिझाइनची, कंत्राटदाराची की देखरेखीची, हे ठरायचं होतं. चौकशीची वाट न बघता श्रीधरन यांनी त्याच दिवशी पत्रकारांसमोर नैतिक जबाबदारी घेऊन राजीनामा दिला. मुख्यमंत्री शीला दीक्षित यांनी तो स्वीकारला नाही आणि ते कामावर राहिले. राजीनामा हा देखावा होता असं म्हणणारेही भेटतात. पण ‘संबंधितांवर कारवाई केली जाईल’ या ठरावीक वाक्यात संबंधित म्हणजे नेहमी खालचा माणूस असतो. इथे तो सगळ्यात वरचा होता, एवढं तरी मान्य करावं लागेल.

त्यांना देवत्व द्यायचंही कारण नाही. कोकण रेल्वेच्या खोल कापांतले डोंगर पावसाळ्यात सुटतात. जून २००३ मध्ये वैभववाडीजवळ दरड येऊन गाडी घसरली आणि ५० च्या आसपास प्रवासी दगावले. पुढच्याच वर्षी महाडजवळ पुन्हा मोठा अपघात झाला. मग उतारांना जाळ्या बसवल्या, गस्त वाढवली, पावसाळ्यात गाड्यांचा वेग कमी केला. बांधताना जे राहिलं ते चालवणाऱ्यांनी शिकून दुरुस्त केलं आणि आजही, दर पावसाळ्यात, गस्तीवाल्याच्या पायाखाली ते काम चालूच असतं. २०२१ मध्ये, ८८ व्या वर्षी, श्रीधरन केरळ विधानसभेच्या निवडणुकीत पालक्काडमधून उभे राहिले आणि चार हजारांहून कमी मतांनी हरले. त्याच वर्षअखेर त्यांनी सक्रिय राजकारण सोडलं. एका क्षेत्रातली हुकमत दुसऱ्या क्षेत्रात आपोआप चालत नाही, हे त्यांनाही चुकलं नाही.

तेव्हा नेतृत्वावरचं पुढचं पुस्तक विकत घेण्याआधी वाचकांनी एक साधं काम करावं. आपल्या सहीसाठी, होकारासाठी किंवा उत्तरासाठी या घडीला कोण कोण थांबलं आहे, त्यांची नावं एका कागदावर लिहावीत. त्यांतले जे निर्णय आपल्याशिवाय होऊ शकतात, ते ज्याचे त्याला आजच देऊन टाकावेत. उरलेले उद्या सकाळी, पहिल्या मीटिंगच्या आधी, घ्यावेत.