एका पातेल्यातले कोंबडी-भाजीचे सूप

जुलै महिन्यात बेळगावात पाऊस एकदा लागला की चार-चार दिवस ऊन दिसत नाही. कपडे वाळत नाहीत, भिंतींना ओल येते आणि घरातल्या वयस्कर माणसांचे जेवण हळूहळू चहा-बिस्किटांवर येऊन थांबते. गेल्या पावसाळ्यात आमच्या घरी हेच झाले. सौ.च्या गुडघ्याचे ऑपरेशन झाले होते. मुलगी पुण्याला, मुलगा बंगळूरला. दोघेही आठ-दहा दिवस राहून आपापल्या नोकरीवर परत गेले आणि स्वयंपाकघराचा चार्ज आमच्याकडे आला. बँकेत आम्ही ३५ वर्षे काढली, कितीतरी शाखांचे चार्ज घेतले. पण हळदीचा डबा कुठे आणि हिंगाची डबी कुठे, हे विचारत विचारत घेतलेला चार्ज हा पहिलाच.

मंडळातल्या बऱ्याच घरांत आता दोनच माणसे राहतात. काही घरांत तर एकच. त्यांना रोज भाजी, आमटी, भात, पोळी असा साग्रसंगीत स्वयंपाक जमत नाही, आणि दोघांसाठी एवढा घाट घालावासाही वाटत नाही. म्हणून आमच्या हाताला बसलेला हा एक पदार्थ लिहून ठेवत आहोत. एक पातेले, पाऊण ते एक तास, आणि दोघांचे दोन वेळचे जेवण.

आपल्याकडे, म्हणजे बेळगाव-कोल्हापूरच्या बाजूला, कोंबडीचे सूप हे काही इंग्रजी प्रकरण नाही. रविवारी मटण किंवा कोंबडी आणली की आधी आले-लसूण, हळद आणि मीठ घालून शिजवायची, वरचे पाणी वाट्यांतून मुलांना आणि म्हाताऱ्यांना द्यायचे, आणि मग उरलेल्या मटणाचे सुक्के आणि तांबडा रस्सा करायचा, ही रीत घराघरांत आहे. त्या पाण्याला आपण अळणी म्हणतो. खरे तर त्यात मीठ असते. नसते ते तिखट. कोल्हापूरचा पांढरा रस्साही याच पाण्यात नारळाचे दूध घालून होतो. लहानपणी चुलीजवळ वाटी घेऊन बसलेलो असताना आई म्हणायची, "सगळी ताकद पाण्यात उतरली बघ, पी गरम गरम." आम्ही हे वाक्य इतक्या वेळा ऐकले की त्यावर कधी शंका घ्यावी असे मनातही आले नाही.

सौ. घरी आल्यावर आम्ही तेच केले. आक्काला फोन लावला, तिने सांगितले तसे अळणी पाणी केले, रोज दोन वाट्या सौ.ला दिले. पंधरा दिवसांनी तपासणीला गेलो तेव्हा तिथल्या आहारतज्ज्ञ बाईंनी दिवसभराचे खाणे विचारले. आम्ही मोठ्या अभिमानाने अळणी पाण्याचे सांगितले. त्यांनी शांतपणे विचारले, "पाणी त्यांना देताय, मग कोंबडी कोण खातंय?"

कोंबडी आम्ही खात होतो.

त्यांनी मग जे समजावले ते असे. हाडांतून आणि सांध्यांतून जिलेटिन पाण्यात उतरते, म्हणून गार झाल्यावर ते पाणी थरथरते. थोडे क्षार उतरतात, चव आणि वास उतरतो. गरम पाण्याने घशाला आराम पडतो, भूकही लागते. पण प्रथिने, म्हणजे स्नायू भरून यायला जे लागते ते, बहुतेक सगळे मांसातच राहते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या हिशोबाने निरोगी माणसाला वजनाच्या दर किलोमागे रोज सुमारे ०.८३ ग्रॅम प्रथिने लागतात. ६० किलोच्या माणसाला ५० ग्रॅम धरा. आजारातून उठणाऱ्याला डॉक्टर याहून जास्त सांगतात. नुसत्या पाण्याच्या वाटीतून यातले फारच थोडे मिळते.

घरी येताना रिक्षात आम्ही गप्प होतो. वडिलांच्या शेवटच्या आजारपणात आम्ही सगळ्यांनी मिळून त्यांना महिनाभर अळणी पाणीच पाजले होते. दात नव्हते, चावायचे कसे, म्हणून मांस काढून आमच्या ताटात. ते वाळत गेले. वयाचा आणि आजाराचा भाग होताच, पण पाण्यातली कोंबडी हाताने बारीक करून त्यांच्याच वाटीत घालायला कुणालाच कसे सुचले नाही, हे आता राहून राहून वाटते.

तेव्हापासून आमच्या सूपात पाणी, कोंबडी आणि भाजी एकत्र असते, आणि तिन्ही एकाच वाटीत वाढली जातात. आता कृती.

अर्धा किलो कोंबडी घ्यावी, साल काढलेली, हाडासकट, मध्यम तुकडे. तंगडी आणि मांडीचे तुकडे जास्त मागावेत. छातीचे मांस फार वेळ शिजले की कोरडे होते. बोनलेस घेऊ नये, पाण्याला चव हाडाचीच येते. ही मापे बॉयलर कोंबडीची. जवारी कोंबडीची चव अर्थातच निराळी, पण ती शिजायला याच्या दुप्पट वेळ घेते, आणि सुरुवातीला तिच्या वाटेला जाऊ नये असे आमचे अनुभवाचे मत आहे.

बाकी सामान घरातलेच. एक मोठा कांदा, लसणाच्या सहा-सात पाकळ्या, इंचभर आले, आठ-दहा मिरे, एक तमालपत्र, पाव चमचा हळद, दोन चमचे तेल किंवा तूप. भाज्यांत दोन गाजरे, एक बटाटा, दहा-बारा बीन्स, वाटीभर चिरलेला कोबी, मूठभर मटार, एक टोमॅटो. आपल्या बाजारातून भाजीचे ट्रक रोज गोव्याला जातात, आपल्याला तर ती दाराशी मिळते. तेव्हा जी ताजी असेल ती घ्यावी. दुधी चालतो, फ्लॉवर चालतो. कारले आणि वांगे नको. शिवाय दोन मोठे चमचे तांदळाची कणी, धुऊन. कॉर्नफ्लॉवरची गरज नाही, दाटपणा कणीने येतो आणि पोटालाही आधार होतो. कणी नसेल तर साधा तांदूळ हाताने जरा चुरडून घ्यावा. एकदा आम्ही घरातला बेळगावी बासमती घातला. घरभर वास सुटला, पण सूपात घालायला तो महागच.

भाज्या आधी चिराव्यात, कोंबडी नंतर हाताळावी. आम्ही हे उलटे करत होतो. कच्च्या कोंबडीवर जे जंतू असतात ते विळीवरून, पाटावरून भाजीला लागतात. नळाखाली धार सोडून कोंबडी धुऊही नये. शिंतोडे उडून ओट्यावर, भांड्यांवर पडतात. जंतू मरतात ते शिजण्याने, धुण्याने नव्हे. आक्काला हे अजिबात पटलेले नाही. "न धुता खातोस? आईनं हेच शिकवलं काय रे?" असे तिने सुनावले. तिच्यासाठी तडजोड अशी की धुवायचीच तर पातेल्यात थोडे पाणी घेऊन हलक्या हाताने धुवावी, पाणी सावकाश ओतावे, आणि मग सिंक, ओटा आणि हात साबणाने धुवावेत.

चार-पाच लिटरचे जाड बुडाचे पातेले मध्यम आचेवर ठेवावे. तेलात तमालपत्र आणि कांदा परतावा. कांदा लाल करायचा नाही, मऊ पडला की पुरे. ठेचलेले आले-लसूण, मिरे आणि हळद घालून मिनिटभर परतावे, मग कोंबडी घालून चार-पाच मिनिटे, बाहेरून पांढरी होईपर्यंत. आता सव्वा लिटर गरम पाणी आणि अर्धा चमचा मीठ. उकळी आली की वर फेस येतो, तो पळीने काढून टाकावा. आच मंद करून झाकण ठेवावे आणि २० मिनिटे जाऊ द्यावीत.

इथून पुढे सगळी गंमत क्रमाची आहे. पहिल्या वेळी आम्ही कोंबडी, गाजर, कोबी, मटार, कणी असे सगळे एकदम कुकरमध्ये घातले, पाणी जवळजवळ काठापर्यंत भरले आणि चार शिट्ट्या घेतल्या. पहिल्या शिट्टीलाच हळदीचे पाणी छतापर्यंत गेले. आत भाजीचा लगदा झाला होता आणि कोबीचा उग्र वास सुटला होता. सौ.ने खोलीतूनच विचारले, "अहो, काय जळलं?" जळले काहीच नव्हते, पण खाण्यासारखेही काही उरले नव्हते.

तर २० मिनिटांनंतर कणी, गाजर आणि बटाटा घालावा. यांना सगळ्यांत जास्त वेळ लागतो. तुकडे बोराएवढे, एकसारखे. आठ मिनिटांनी बीन्स आणि टोमॅटो. आणखी पाच मिनिटांनी कोबी आणि मटार, आणि मग झाकण न ठेवता पाच-सहा मिनिटे. कणी बुडाला बसते, तेव्हा मधूनमधून ढवळत राहावे. सगळ्यांत जाड तुकडा काढून हाडापाशी दाबून बघावा. लालसर रस आला तर अजून शिजू द्यावे. ज्यांच्याकडे स्वयंपाकाचा थर्मामीटर आहे त्यांनी आत ७४ अंश सेल्सिअस झाले का ते बघावे. मुलीने आम्हाला एक आणून दिला आहे, आणि बँकेची सवय असल्यामुळे आकडा बघितल्याशिवाय आमचे समाधान होत नाही. शेवटी चव घेऊन लागेल तेवढेच मीठ, कोथिंबीर आणि वाटीत लिंबू.

घाई असेल तर कुकर चालतो, पण दोन टप्प्यांत. कोंबडी, कांदा आणि पाणी घालून दोन शिट्ट्या, वाफ आपोआप जिरू द्यायची, मग झाकण काढून कणी आणि भाज्या वरच्याच क्रमाने उघड्यावर शिजवायच्या. कुकर दोन-तृतीयांशाच्या वर कधीही भरू नये. जवारी कोंबडीला मात्र कुकरच बरा, सहा-सात शिट्ट्या लागतात.

वाढण्यापूर्वी तुकडे ताटलीत काढून मांस हाताने सोडवावे आणि हाडे टाकून द्यावीत. बारीक हाडे घशात अडकतात, म्हणून म्हाताऱ्यांना आणि लहान मुलांना हाडासकट वाढूच नये. दात नसलेल्यांसाठी मांस बोटांनी अगदी बारीक करून परत पातेल्यात घालावे. कणीमुळे ते गिळायला सोपे जाते. यातून चार मोठे वाडगे होतात. अर्धा किलोतून हाडे वजा जाता ३५० ग्रॅमच्या आसपास मांस, म्हणजे प्रथिने साधारण ७० ग्रॅम. वाडग्याला १७ ग्रॅम पडली. हिशोब ढोबळ आहे, पण नुसत्या पाण्याशी ताडून बघितला तर फरक कळतो. सौ. त्यात अर्धी ज्वारीची भाकरी कुस्करते. आम्हाला तिखटाशिवाय जेवल्यासारखे वाटत नाही, म्हणून आम्ही आपल्या वाडग्यात कांदा-लसूण चटणी घालतो. पातेले मात्र सगळ्यांचे एकच.

काहींनी जपायला हवे. रक्तदाब असेल तर मीठ कमी, आणि तयार मसाल्याचे क्यूब किंवा सूपाची पाकिटे यात घालू नयेत, त्यांत मीठच फार असते. मधुमेह असेल तर बटाटा वगळून बीन्स वाढवावेत. मूत्रपिंडाचा त्रास असलेल्यांनी मांस आणि भाजी दोन्हींचे प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवावे.

शाकाहारी सभासदांनी कोंबडीऐवजी वाटीभर मूगडाळ घ्यावी, आधी जरा भाजून. बाकी सगळे तसेच, फक्त डाळ अर्धी शिजली की भाज्यांना सुरुवात करावी. श्रावणात आणि सोमवार-गुरुवार आमच्याकडेही हेच होते, वर जिऱ्याची फोडणी घालून.

उरलेले सूप रात्रभर ओट्यावर झाकून ठेवायची आपली जुनी सवय सोडावी, पावसाळी गारव्यातसुद्धा. रुंद डब्यांत ओतून निववावे आणि दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये ठेवावे. आम्ही दुसऱ्या दिवशी संपवतो. खायचे तेवढेच बाहेर काढून गरम करावे. रात्रीतून ते खिरीसारखे घट्ट होते, तेव्हा अर्धी वाटी गरम पाणी घालून सणसणीत उकळी येऊ द्यावी, मग पुन्हा थोडे लिंबू.